खताला पीक किती प्रतिसाद देतं? शेतातल्या खत-प्रयोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की हे प्रश्न यायला लागतात. निम्मे एम.एस्सी.च्या मुलांचे असतात, निम्मे स्वतःच्या रानात काहीतरी करून बघणाऱ्या शेतकऱ्यांचे. उत्तरांमध्ये पुन्हा पुन्हा एकच उदाहरण घेतलं आहे: बागायती गहू, वेळेवर पेरणी, शिफारशीत खतमात्रा हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश, आणि प्रयोग नत्राच्या मात्रेचा. सॉफ्टवेअरचे प्रश्न गाळले आहेत. खताचा प्रयोग बिघडतो तो वाफ्यात आणि काट्यावर, संगणकावर नव्हे.

१. शेताच्या अर्ध्या भागात खत टाकलं, अर्ध्यात नाही, आणि दोन्हींचं उत्पादन मोजलं. हा प्रयोग नाही का?

नाही. दोन भागांत फरक दिसणारच, खत दोन्हीकडे सारखं टाकलं असतं तरी दिसला असता. एका अर्ध्यात माती खोल असेल, विहीर जवळ असेल, मागच्या साली तिथे हरभरा असेल. फरक खताचा की जमिनीचा, हे या मांडणीतून कळायला मार्गच नाही. अर्ध्या भागात पाच ठिकाणी चौकट टाकून पाच नमुने कापले तरी ती रेप्लिकेशन (तीच मात्रा वेगळ्या, स्वतंत्र वाफ्यात पुन्हा घेणं) होत नाहीत. एकाच वाफ्याची ती पाच मोजमापं झाली. परीक्षक हे पहिल्या पाच मिनिटांत पकडतात.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हावर खताचे वाफे चालू आहेत. पण त्या मूळ मांडणीतही रेप्लिकेशन नव्हती. १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे जुने आकडे तपासायला गेले, आणि पुढच्या काही वर्षांत रेप्लिकेशन, चिठ्ठ्या टाकून वाटप आणि गट पाडणं ही तिन्ही तत्त्वं पक्की झाली. आजची आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे वाफ्यांचे गट पाडून प्रत्येक गटात चिठ्ठ्यांनी वाटप करायची मांडणी) तिथून आली.

२. ट्रीटमेंट (तपासायच्या मात्रा) किती आणि रेप्लिकेशन किती घ्यायच्या?

प्रतिसादाची वक्ररेषा काढायची असेल तर निदान चार मात्रा हव्यात, पाच उत्तम. आपल्या उदाहरणात ०, ४०, ८०, १२० आणि १६० किलो नत्र. शून्य हवंच, कारण जमीन स्वतःच्या जोरावर किती देते ते त्याच वाफ्यात दिसतं. शिफारशीच्या वरची एक मात्राही हवी, नाहीतर रेषा कुठे वळते ते कळत नाही. 'शिफारशीच्या ५०, ७५ आणि १०० टक्के' अशा ट्रीटमेंट घेऊन 'सर्वांत जास्त मात्रा सर्वांत चांगली' हा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी पुष्कळ पाहिलेत. वर काही ठेवलंच नव्हतं, तर दुसरं काय निघणार?

रेप्लिकेशनसाठी ढोबळ नियम असा: (ट्रीटमेंट वजा एक) गुणिले (रेप्लिकेशन वजा एक), हा गुणाकार १२ च्या खाली जाऊ देऊ नका. पाच ट्रीटमेंटना चार रेप्लिकेशन म्हणजे बरोबर १२. तीनवर भागवलं तर काय हरवतं, ते प्रश्न १२ मध्ये.

३. जागा कशी निवडायची? मास्तर म्हणतात 'एकसारखी जमीन घ्या', पण ती ओळखायची कशी?

आधीच्या पिकाकडे बघून. खरीप उभा असतानाच त्या तुकड्यात दोन-तीन वेळा फिरा. कुठे पीक पिवळं आहे, कुठे ठेंगणं, कुठे पाणी साचतं ते कागदावर खुणावून ठेवा. झाडाची सावली, बांधाची कड, जुनी वाट, बुजवलेला पाट हे सगळं टाळा. आणि त्या रानात वीस वर्षं राबलेल्या माणसाला विचारा.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या एम.एस्सी.च्या पहिल्या हंगामात तिसऱ्या रेप्लिकेशनमधला शून्य नत्राचा वाफा पेरणीनंतर चाळीसाव्या दिवशी काळपट हिरवा दिसायला लागला, शेजारच्या १२० किलोच्या वाफ्यापेक्षा गडद. मी चिठ्ठ्या तपासल्या, युरियाच्या रिकाम्या पिशव्या मोजल्या, शेतावरच्या मजुरांवर चिडलो. शेवटी पाणी देणारे मामा म्हणाले, ''तिथं दोन वर्षं शेणखताचा ढीग पडून होता की. पेरायच्या आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं.'' तो हंगाम गेला.

४. रेप्लिकेशन उताराला आडवं घ्यायचं की उभं?

एक रेप्लिकेशन, म्हणजे पाच वाफ्यांची एक रांग, उताराला आडवी ठेवा. मग त्या पाचही वाफ्यांना साधारण सारखी माती, सारखी खोली, सारखी ओल मिळते. वरची रांग हलक्या मातीत आणि खालची भारी मातीत गेली तरी बिघडत नाही, तो फरक रेप्लिकेशनच्या खात्यात जातो. उलट केलंत तर तोच फरक एररच्या, म्हणजे कारण न सापडलेल्या फरकाच्या, खात्यात जमा होतो आणि सीव्ही (तो एरर सरासरीच्या किती टक्के, हा आकडा) फुगतो.

उतार डोळ्यांना दिसतो तोच असतो असं नाही. विहिरीपासूनचं अंतर किंवा चुनखडीचा पट्टा हासुद्धा उतारच. दोन दिशांनी उतार असेल तर लॅटिन स्क्वेअर (प्रत्येक ट्रीटमेंट प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत एकदाच). पाच ट्रीटमेंटना २५ वाफे लागतील.

५. चिठ्ठ्या टाकल्या आणि शून्याच्या शेजारी नेमका १६० किलोचा वाफा आला. बदलू का?

नको. आवडली नाही म्हणून चिठ्ठी बदलायला लागलात की ती चिठ्ठी राहत नाही. शेजारून नत्र वाहून येईल ही भीती खरी आहे, पण तिचा उपाय बांधात आणि कडेच्या ओळींत आहे (प्रश्न ६ आणि १०). मात्र चिठ्ठ्या प्रत्येक रेप्लिकेशनसाठी नव्याने टाका. पहिल्या रांगेचा क्रम चारही रांगांत उतरवणं ही फार जुनी खोड आहे. त्यात शून्याचा वाफा कायम एकाच कडेला येतो.

६. वाफा किती मोठा हवा? एकूण वाफा आणि निव्वळ वाफा हे काय प्रकरण आहे?

गव्हाच्या दोन ओळींत २२.५ सेंमी अंतर. २० ओळींचा वाफा ४.५ मीटर रुंद होतो, लांबी ५ मीटर ठेवू. एकूण वाफा झाला २२.५ चौरस मीटर. कापणीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून द्यायचा. राहिला ३.६ बाय ४ मीटर, म्हणजे १४.४ चौरस मीटर. हा निव्वळ वाफा. उत्पादन याचंच मोजायचं.

कडेच्या ओळींना उजेड, हवा आणि शेजारचं खतपाणी जास्त मिळतं. त्या मोजणीत आल्या की उत्पादन फुगतं. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवताना संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे) यांनी हेच दाखवून दिलं होतं: कापणीची चौकट जितकी लहान, तितकं उत्पादन फुगण्याचा धोका मोठा, कारण रेषेवरची झाडं माणूस नकळत आत ओढतो. म्हणून निव्वळ वाफ्याला आधी चार खुंट्या ठोका, सुतळी ताणा, कडेचं पीक कापून बाजूला न्या आणि मगच आतलं कापा.

वाफ्यांमध्ये एक मीटर, रांगांमध्ये दीड मीटर आणि सगळीकडून दोन मीटर पट्टा सोडला तर हा प्रयोग साडेआठ-नऊ गुंठ्यांत बसतो.

७. हेक्टरी किलोचे वाफ्याला ग्रॅम कसे करायचे?

हेक्टरी किलोला २२.५ ने गुणा आणि १० ने भागा. त्या अन्नद्रव्याचे वाफ्याला लागणारे ग्रॅम मिळतात. १२० किलो नत्र म्हणजे २७० ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून ५८७ ग्रॅम युरिया. तसंच ४० किलोला १९६, ८० ला ३९१ आणि १६० ला ७८३ ग्रॅम. प्रत्येक वाफ्याला, शून्याच्या वाफ्यालासुद्धा, सिंगल सुपर फॉस्फेट ८४४ ग्रॅम (१६ टक्के स्फुरद) आणि म्युरेट ऑफ पोटॅश १५० ग्रॅम (६० टक्के पालाश).

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. खत एकूण वाफ्याला द्यायचं असतं, निव्वळ वाफ्याला नाही. आणि अर्धा युरिया पेरणीला, अर्धा २१ व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना द्यायचा, म्हणून पिशव्या आधीच दोन-दोन करून ठेवा. पिशवीवर वाफा क्रमांक लिहा, नुसती ट्रीटमेंट नको. ४० किलोच्या वाफ्याला एका वेळचा युरिया फक्त ९८ ग्रॅम येतो. तेवढा २२.५ चौरस मीटरवर सारखा पडणं कठीण, म्हणून चाळलेल्या कोरड्या मातीत मिसळून आधी उभा, मग आडवा फेका. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री एकत्र करू नका. सकाळी चिकट लगदा हाती येतो.

८. सुपर फॉस्फेट मिळत नाही. डीएपी चालेल?

या प्रयोगात नाही. डीएपीत ४६ टक्के स्फुरदाबरोबर १८ टक्के नत्र असतं. ६० किलो स्फुरद डीएपीतून दिलं तर सोबत साडेतेवीस किलो नत्र जातं, आणि तुमचा शून्याचा वाफा शून्याचा उरत नाही. १०:२६:२६ या मिश्रखताचंही तसंच, त्यातही नत्र आहे.

सुपर फॉस्फेटमध्येही गंधक असतं, साधारण ११ टक्के. म्हणजे ६० किलो स्फुरदामागे ४१ किलो गंधक. इथे ते सगळ्या वाफ्यांना सारखं जातं, म्हणून त्रास नाही. पण प्रयोग स्फुरदाच्या मात्रांचा असेल आणि पीक सोयाबीन असेल, तर वाढलेलं उत्पादन स्फुरदाचं की गंधकाचं? तिथे जिप्सम देऊन सगळ्या वाफ्यांचं गंधक सारखं करावं लागतं. झिंक सल्फेटच्या प्रयोगातही हाच खड्डा आहे.

९. मातीचा नमुना कधी आणि कसा घ्यायचा?

खत टाकायच्या आधी, प्रत्येक रेप्लिकेशनचा वेगळा. रांगेत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वरच्या थरातली माती घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा. खताच्या रिकाम्या गोणीत माती गोळा करू नका. हसू नका, दरवर्षी कोणीतरी करतंच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत स्फुरद ओल्सेन पद्धतीने तपासून घ्या. ब्रेची पद्धत आम्ल जमिनींसाठी आहे. कापणीनंतर मात्र प्रत्येक वाफ्याचा नमुना वेगळा.

१०. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात गेलं तर?

तर नत्रही गेलं. युरिया पाण्याबरोबर सहज वाहतो. प्रत्येक रांगेला स्वतंत्र पाट काढा आणि प्रत्येक वाफ्याला पाटातूनच पाणी द्या, वाफ्यातून वाफ्यात कधीही नाही. दुसऱ्या हप्त्याच्या युरियानंतरच्या पाळीला स्वतः फावडं घेऊन उभे राहा. बांध फुटलाच तर दोन्ही वाफ्यांचे क्रमांक आणि तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. मार्चमध्ये आकडा विचित्र आला की तीच नोंद उपयोगी पडते.

११. काटा दाखवेल तेच उत्पादन ना?

नाही, आधी ओलावा. जास्त नत्राचं पीक उशिरा पिकतं. सगळे वाफे एकाच दिवशी कापले तर १६० किलोच्या वाफ्यातले दाणे शून्याच्या वाफ्यापेक्षा ओले असतात. समजा दोन्ही वाफ्यांचं वजन ५ किलो भरलं, एकाचा ओलावा १४ टक्के, दुसऱ्याचा १०. दोन्ही १२ टक्क्यांवर आणले की ४.८९ आणि ५.११ किलो होतात. हेक्टरी फरक १५८ किलो. (१०० वजा ओलावा, भागिले ८८, गुणिले वजन.)

निव्वळ वाफ्याच्या किलोला ६.९४४ ने गुणलं की हेक्टरी क्विंटल मिळतात. म्हणजेच मळणी यंत्राच्या तळाशी अडकलेले १०० ग्रॅम दाणे हेक्टरी ६९ किलो होतात. दोन वाफ्यांच्या मध्ये यंत्र रिकामं करा, झाडा, ताडपत्री झटका. मजूर कंटाळतात, पर्याय नाही.

१२. १२० आणि १६० किलो 'ॲट पार' आले. म्हणजे दोन्ही सारखेच?

नाही. त्यांतला फरक तुमच्या प्रयोगाला दिसला नाही, एवढंच. समजण्यासाठी एक काल्पनिक प्रतिसाद घेऊ:

हेक्टरी किलो = १८०० + २४ × नत्र − ०.०८ × नत्राचा वर्ग

यातून पाच मात्रांना १८००, २६३२, ३२०८, ३५२८ आणि ३५९२ किलो येतात. १२० वरून १६० वर जाताना वाढ फक्त ६४ किलो, निव्वळ वाफ्यात ९२ ग्रॅम, साधारण एक ओंजळ. आता सीव्ही १० टक्के धरला तर चार रेप्लिकेशनला सीडी (दोन सरासऱ्यांतला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) सुमारे ४५५ किलो निघते, तीनला ५५५. एवढ्या जाड चाळणीत ती ओंजळ सापडणार कशी?

म्हणून मात्रांच्या प्रयोगात दोन-दोन सरासऱ्यांची झुंज लावू नका, पाचही बिंदूंमधून रेषा काढा. वरच्या रेषेत सर्वाधिक उत्पादन १५० किलो नत्राला येतं. किफायतशीर मात्रा म्हणजे शेवटच्या किलो नत्राचा खर्च आणि त्याने वाढलेल्या गव्हाची किंमत जिथे सारखी होते ती. युरियाची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना, तीत २०.७ किलो नत्र, म्हणजे किलोला १३ रुपये. गहू २५ रुपये धरला तर किफायतशीर मात्रा येते १४७ किलो. सर्वाधिक उत्पादनाच्या मात्रेपासून जेमतेम तीन किलो मागे! नत्र चौपट महाग असतं तर ती १३७ वर आली असती. शेतकरी युरिया जास्त टाकतो म्हणून त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

१३. रानडुकरांनी एक वाफा लोळवला. सगळा प्रयोग गेला?

एका वाफ्याने जात नाही. त्या ट्रीटमेंटच्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज गुणिले ५, अधिक त्या रेप्लिकेशनच्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज गुणिले ४, वजा उरलेल्या १९ वाफ्यांची एकूण बेरीज, आणि सगळ्याला भागिले १२. हे येट्स यांचं सूत्र. आलेला आकडा रिकाम्या जागी भरा आणि एररच्या १२ स्वातंत्र्यांशांमधून (प्रश्न २ मधला गुणाकार) १ कमी करा. यातून नवी माहिती मिळत नाही, फक्त तक्ता पुरा होतो.

पण वाफा ट्रीटमेंटमुळेच गेला असेल, उदाहरणार्थ १६० किलोचा गहू लोळला, तर हे सूत्र लावायचं नाही. लोळणं हा त्या मात्रेचा परिणाम आहे. जे मिळालं तेच वजन धरा.

१४. '१०० टक्के खत' विरुद्ध '५० टक्के खत अधिक नॅनो युरियाची फवारणी' असा प्रयोग करतोय. दोन्ही सारखे आले तर फवारणीने निम्मं खत वाचलं ना?

तिसरी ट्रीटमेंट कुठे आहे? '५० टक्के खत आणि नुसत्या पाण्याची फवारणी' हा वाफा नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. सुपीक जमिनीत ५० टक्के खतही १०० टक्क्यांइतकंच उत्पादन देऊ शकतं, आणि श्रेय बाटलीला जातं. बाटलीतल्या एवढ्याशा नत्राची तुलना करायची असेल तर तेवढंच नत्र साध्या युरियाच्या फवारणीतून देणारा वाफाही ठेवा. जिवाणू खतं, ह्युमिक, सागरी शेवाळाचे अर्क, सगळ्यांना हाच न्याय.

शेणखताची तुलना करताना प्रत्यक्ष टाकलेल्या खताचा नमुना तपासा. 'अर्धा टक्का नत्र' हा पाठ केलेला आकडा उकिरड्यागणिक बदलतो. आणि एका हंगामात निकाल देऊ नका, शेणखताचा बराच भाग पुढच्या पिकाला लागू पडतो.

१५. पाण्याच्या पाळ्या आणि नत्र दोन्ही एकत्र तपासायचे आहेत. साधी आरबीडी चालेल?

पाणी लहान वाफ्यांत वेगवेगळं देणं अवघड, म्हणून स्प्लिट प्लॉट. पाळ्या मुख्य वाफ्यांत, नत्र त्यांच्या पोटात. किंमत अशी की मुख्य वाफ्यांची तुलना ढोबळ होते. तीन पाळ्या आणि चार रेप्लिकेशनला तिथे एररला फक्त ६ स्वातंत्र्यांश उरतात. ज्या घटकाचं उत्तर अचूक हवं तो पोटवाफ्यांत ठेवा. विश्लेषणात दोन वेगळे एरर असतात, एकाच एररवर सगळं तपासू नका.

१६. गहू सोडून दुसरं पीक असेल तर काय बदलतं?

सोयाबीनमध्ये शून्य नत्र खरंखुरं शून्य नसतं, मुळांच्या गाठी हवेतलं नत्र आणतात. रायझोबियमची (या गाठी करणाऱ्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया करायची तर सगळ्या वाफ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. कापसात प्रत्येक वेचणीचं वजन वाफ्यानुसार वेगळं लिहा आणि विश्लेषण बेरजेचं करा. पहिली वेचणी पाहून उत्साहाने अहवाल लिहू नका. उसाला वाफा बराच मोठा लागतो, कारण सरी रुंद, आणि कडेच्या सऱ्या सोडून मध्ये निदान चार सऱ्या उरायला हव्यात. खोडव्याला त्याच वाफ्यात तीच ट्रीटमेंट ठेवा, चिठ्ठ्या पुन्हा टाकू नका.

१७. किती वर्षं करायचा? आणि माझ्याकडे वीस वाफ्यांची जागाच नाही, तर?

आपली चार कृषी विद्यापीठं शिफारस मांडतात ती सहसा तीन हंगामांच्या आकड्यांवर, आणि ती जॉइंट ॲग्रेस्कोतून (या विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीतून) मंजूर व्हावी लागते. वर्षं एकत्र करण्याआधी प्रत्येक वर्षाचा एरर एकमेकांच्या जवळपास आहे ना, ते बार्टलेटच्या चाचणीने ताडून बघा.

जागा कमी असेल तर शेजारी जोडा. गावातल्या निदान सात शेतकऱ्यांनी आपापल्या रानात तेच तीन वाफे घ्यायचे: शून्य नत्र, नेहमीची मात्रा, शिफारशीची मात्रा. प्रत्येकाचं रान हेच एक रेप्लिकेशन. वाण एकच, पेरणी एका आठवड्यात, चिठ्ठ्या प्रत्येक रानात वेगळ्या, आणि काटा सगळ्यांना मिळून एकच. वाफे इथे मोठे घ्या, दोन-दोन गुंठ्यांचे, म्हणजे पाभरीने सरळ पेरता येतं. शून्याच्या वाफ्यासाठी कोणी तयार होत नाही, ''गहू पिवळा पडला की गाव हसतं'' म्हणतात. तिन्ही वाफे रस्त्यापासून लांबच्या रानात मांडा.